मोरेश्वर तांडेल स्मृती युवक निवास

शिवडीला, खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत
ती दुमजली इमारत अजून उभी आहे.
पाटीवर नावाच्या आधी एक खरवडलेली जागा आहे,
बोटाने चाचपली तर खळगा लागतो.

तिथे 'हुतात्मा' होतं.
श्रमदलाच्या समितीत तीन संध्याकाळी वाद झाला:
बंधाऱ्याच्या शिबिरात, विषमज्वराने,
सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात गेलेला मुलगा
हुतात्मा होतो का?
मताला टाकलं. सात विरुद्ध सहा. होतो.
उद्घाटनाला त्याची आई आली, मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून.
कोणीतरी तिला दगडावरची अक्षरं वाचून दाखवली.
'तापानं गेला माजा पोर,' ती म्हणाली,
'त्याला खोटं कशाला चिकटवता?'
गवंडी तिथेच जेवत बसला होता.
हात धुऊन उठला, छिन्नी घेतली.

हे सगळं ऐकलेलं. मी आलो अठ्ठ्याहत्तरात,
गुहागरहून, ट्रंक आणि आमसुलांची पिशवी घेऊन.
खाट नंबर चौदा, तसबिरीच्या बरोबर समोर.
पहाटे साडेपाचला घंटा. आपलं ताट आपण घासायचं.
खरवडलेल्या जागेत मुलं खडूने लिहायची: आज वांगं.

कपाटात पावतीपुस्तकं होती, चार आण्यांना एक वीट.
अनुसया पेडणेकर, दोन विटा.
खातं क्रमांक तीन, रात्रपाळी, एकशे अकरा विटा.
एक गृहस्थ, नाव नको, अर्धी वीट.
त्या अर्ध्या विटेचा हिशेब
खजिनदार चाफेकरांनी शेवटपर्यंत वेगळा ठेवला.

आमच्या देखत श्रमदल फुटलं.
काठी एकच, झेंडे दोन;
सोमवार-बुधवार यांचा, मंगळवार-गुरुवार त्यांचा,
शुक्रवारी काठीवर टॉवेल वाळायचे.
पुढे कोणी नगरसेवक झालं, कोणी आखातात गेलं,
आणि एका वर्षी, कोणतं ते नेमकं सांगता येणार नाही,
आंदोलन संपलं आणि खानावळ उरली.

रखवालदार हरेश्वर, मोरेश्वरचा थोरला भाऊ.
दर पुण्यतिथीला स्टुलावर चढून तोच हार घालायचा.
एकदा मी स्टूल धरून उभा होतो.
वर तसबिरीत डाव्या भुवईवर तिरपा व्रण,
खाली हरेश्वरच्या डाव्या भुवईवर तिरपा व्रण.
त्याने माझी नजर कुठे गेली ते पाहिलं.

'मोऱ्याचा फोटो एकच,' तो रात्री म्हणाला,
'शिबिरातला. डोक्यावर घमेलं, तोंडावर काळोख.
पेंटर पालव म्हणाला, कोणीतरी बसा समोर.
मी बसलो. त्याचं शर्ट घालून.
शर्ट आखूड होतं, ते पालवानं लांब केलं.
आईनं बघितलं, काही बोलली नाय.
खोटं चिकटवू नका म्हणणारी बाई,
पण या खोट्यासमोर रोज दिवा लावायची.'
मग बॅटरी घेऊन फाटक बघायला गेला.

सव्वीस वर्षं मी कोणाला सांगितलं नाही.
हरेश्वर गेला तेव्हा त्याची सून आली,
शोकसभेला लावायला घरात बाबांचा एक फोटो नाही म्हणाली.
तोवर विश्वस्तांत उरलेला मीच.
स्टूल ओढलं, तसबीर काढून तिच्या हातात दिली.
ती बघत राहिली. 'हे तर काका ना?'
मी म्हटलं, नीट बघ.

तेराव्याला तिने तसबीर परत आणली, काच पुसून.
मधल्या दिवसांत भिंतीवर पांढरा चौकोन होता.
आता इथे स्पर्धापरीक्षेची मुलं राहतात.
त्यातल्या एकाने त्या चौकोनात
भूगोलाचं वेळापत्रक चिकटवलं होतं.
ते मी काढलं नाही.
तसबीर वरून टांगली. खालून अजून
एक ओळ दिसते: रविवार, उजळणी.